नव्व्याण्णव वर्षांची खुर्ची

पोर्तालेस, मेक्सिको शहर
१२ जानेवारी १९८६

प्रिय इलारिओ,

तुझं नाताळचं कार्ड तीन राजांचा सहा जानेवारीचा सण उलटून गेल्यावर पोचलं. पत्त्यात घराचा नंबर तू पुन्हा चुकवलास. नऊ वर्षांत स्वतःच्या घराचा नंबर विसरलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पोस्टमन ओळखीचा, म्हणून मिळालं.

आमचं बरं चाललंय. सप्टेंबरच्या भूकंपात मधल्या भिंतीला तडा गेला होता. तो मी भरून घेतला, तो पुन्हा उघडला, पुन्हा भरला. आता त्याच्यापुढे कपाट सरकवलंय. शहरात एवढ्या लोकांचं होत्याचं नव्हतं झालं, तिथे आपण एका तड्यासाठी काय रडायचं! शिवणकाम मात्र उदंड आहे. वर्ल्ड कप आपल्याकडे म्हटल्यावर जो उठतो त्याला झेंडा हवा. हिरवं, पांढरं, लाल, हिरवं, पांढरं, लाल. स्वप्नातसुद्धा पट्टे जोडत असते.

पापांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून टाका. पापा म्हणतात, वर्ल्ड कपनंतर. "बिघडलं म्हणजे? आहे तेही जायचं." मी विचारलं, "आत्ता काय दिसतं?" तर म्हणाले, "हिरवं दिसतं. मैदानाला तेवढं पुरे."

आता मुद्द्याचं. कार्डात तू त्यांना लिहिलंस, "जूनमध्ये भेटूच. माझी जागा राखून ठेवा." मीच वाचून दाखवलं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. न्हाव्याला सांगून झालं, औषधाच्या दुकानातल्या सेन्योर बार्राहासना सांगून झालं, स्वतःच्या मटणाच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांना घरी जाऊन सांगून झालं. पोरगा येतोय, अस्तेका स्टेडियममध्ये बापाशेजारी बसणार आहे. आई असती तर म्हणाली असती, "झालं! घरावर छप्पर घालायच्या वर्षी ह्या माणसानं स्टेडियममध्ये नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं दोन खुर्च्या घेतल्या, एक स्वतःला नि एक लेकाला. खुर्च्या छपराखाली आणि आम्ही पत्र्याखाली!" तिचं हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

तर, तू येणार आहेस का? मला एकटीला लिही. हो किंवा नाही. मधलं काही लिहू नकोस, तुझं मधलं मला पाठ आहे.

तुझी
एल्विरा

*

पिल्सन, शिकागो
२ फेब्रुवारी १९८६

लाडक्या ताईस,

इथे एवढा बर्फ पडलाय की पावाच्या कारखान्यात पोचायला मला जितका वेळ लागतो तितक्यात तू शोचिमिल्कोला जाऊन नौकेतून फेरी मारून परत येशील. कारखान्यात भट्टीपाशी मेक्सिको आणि दाराबाहेर उत्तर ध्रुव. बाकी मजेत.

घराचा नंबर चुकला त्याबद्दल कान पकडतो. पापांच्या डोळ्यांचं वाचून फार वाईट वाटलं. तू आहेस म्हणून मला काळजी नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. आमची ताई म्हणजे भिंत. (तडा न गेलेली.)

येण्याचं म्हणशील तर इच्छा पुष्कळ आहे. कारखान्यात रजेचं विचारून ठेवलंय. जून म्हणजे अजून चार महिने आहेत, तोवर कितीतरी गोष्टी जुळून येतील. देवाच्या मनात असलं तर येईन. आणि नाहीच जमलं तरी खुर्ची काही रिकामी राहणार नाही, नाही का? तू आहेसच की. खरं सांगू, मला तुझा हेवा वाटतो. नऊ वर्षं माझ्या खुर्चीत बसतेयस! सत्तर सालच्या वर्ल्ड कपला मी अठरा वर्षांचा होतो, एकही सामना चुकवला नाही. शेजारच्या खुर्चीतले फाउस्तिनोकाका अजून भोपळ्याच्या बिया चघळतात का? टरफलं सगळी माझ्या बुटांत. आणि पाहुण्या संघानं गोल केला की टोपी काढून मनापासून शिवी देतात, ते अजून चालू आहे का? तुला तर हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुझ्यासमोर जरा कमी देत असतील.

पापांना सांग, भट्टीपाशी उभा असलो की त्यांचीच आठवण येते.

तुझा
इलारिओ

*

पोर्तालेस
२० फेब्रुवारी १९८६

इलारिओ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी वाटलं, थट्टा करतोयस. मग कळलं की तुला खरंच माहीत नाही.

मी अस्तेकात कधी गेलेली नाही. एकदाही नाही.

तू गेलास त्याच वर्षी पापांचा गुडघा गेला. तेव्हापासून मी त्यांना नेते. मेट्रोनं तास्केन्यापर्यंत, पुढे बस, मग त्या गर्दीतून त्यांचा हात धरून फाटकापर्यंत. फाटकापाशी तुझे फाउस्तिनोकाका उभे असतात. मी पापांचा हात त्यांच्या हातात देते. पापांच्या खिशात दोन पास असतात. एक ते दाखवतात, दुसरा खिशातच राहतो. आणि मी बाहेर थांबते.

तिथे चोलेबाईची वाफाळत्या तामालेची गाडी असते. तिनं मला एक पिंप उलटं टाकून दिलंय बसायला. दोन तास मी त्या पिंपावर बसते. आतून आवाज येतो. आपला गोल झाला की जमीन हलते, त्यांचा झाला की सगळं गप्प होतं आणि मग शिट्ट्या. वाईट खेळले की चोलेबाईचा धंदा मंदावतो, लोक न खाता घरी जातात. एवढं फुटबॉल मला येतं.

फाउस्तिनो कसे दिसतात ते मी सांगू शकते, फाटकापर्यंतचे. आत काय चघळतात ते तूच सांग.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "पापा, मी येऊ आत?" म्हणाले, "ती इलारिओची जागा आहे. त्यानं राखून ठेवायला सांगितलंय." त्र्याऐंशी साली तिथे गाणारी पोरं आली होती, सगळं शहर वेडं झालेलं. गल्लीतल्या पोरी माझ्या पाया पडत होत्या, ताई, पापांकडून पास मागून घे ना. फुटबॉल नव्हतं, पापा जाणार नव्हते, दोन्ही खुर्च्या रिकाम्या पडणार होत्या. तरी म्हणाले, "इलारिओच्या खुर्चीवर कुणी उड्या मारलेल्या मला चालणार नाहीत."

मला वाटायचं, तुला हे ठाऊक आहे. वाटायचं, तूच सांगतोस असं करायला. दर पत्रात लिहितोस ना, माझी जागा राखून ठेवा. ती सगळी पत्रं देवीच्या तसबिरीमागे आहेत. मी वाचून दाखवते आणि ते तिथे ठेवतात. स्वतःच्या तोंडानं नऊ वर्षं मी स्वतःला बाहेर ठेवत आलेय, हे मला कालच कळलं.

तुला माणसं कशी दुखवायची नसतात ते मी जाणते. आपल्याकडे नाही म्हणायची रीतच नाही. जेवायला बोलावलं की हो म्हणायचं नि जायचं नाही, हे सगळे करतात, आणि बोलावणाराही जास्तीची पोळी टाकत नाही. पण पापा तुझ्यासाठी नऊ वर्षं पोळी टाकतायत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड तुझी आणि भीक माझ्या वाट्याला.

मी अडतीस वर्षांची आहे. मला फुटबॉलचं वेड नाही. पण त्यांनी एकदा म्हणावं, "चल आत." एवढंच हवंय मला. आता हो का नाही ते लिही.

एल्विरा

*

पिल्सन, शिकागो
१४ मार्च १९८६

ताई,

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा कागद घेऊन बसलो. विनोद सुचत नाही, म्हणून लिहिता येत नव्हतं.

नाही. मी येणार नाही.

माझ्याकडे कागद नाहीत. इथून बाहेर पडलो तर परत आत येणं म्हणजे पुन्हा नदी, पुन्हा दलाल. एकटा असतो तर आलो असतो. एकटा नाही. माझं लग्न झालंय, होवीता, मिचोआकानची आहे. आम्हाला मुलगी आहे. यादिरा. चार वर्षांची. तुला सांगितलं नाही, कारण तुला सांगितलं असतं तर पापांना कळलं असतं, आणि पापांना कळलं असतं तर मी येणार नाही हेही कळलं असतं.

मला खरंच ठाऊक नव्हतं की तू बाहेर बसतेस. पापा कधी लिहायचे नाहीत, तू लिहायचीस, "काल सामन्याला जाऊन आलो." आलो म्हणजे दोघं, असं मी धरलं. होवीताला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ती मला म्हणाली, "तू शिकागोत बसून दोन संसार चालवतोयस, हा आणि तिकडचा, आणि दोन्हींत फक्त गोड बोलायचं काम करतोस." मग दोन दिवस बोलली नाही.

पापांना पत्रानं सांगायला नको. तू वाचणार, आणि तुला त्याचा त्रास होणार. मी स्वतः सांगतो. ईस्टरच्या रविवारी, दुपारी बारा वाजता, सेन्योर बार्राहासच्या दुकानात फोन करतो. पापांना तिथे घेऊन ये. येणार नाही हेही सांगतो आणि खुर्ची तुझी आहे हेही. तू काही बोलू नकोस. माझं काम आहे, मी करतो.

इलारिओ

*

पोर्तालेस
६ एप्रिल १९८६

प्रिय इलारिओ,

आधी यादिराला माझा मुका. तिच्या मापाचा एखादा जुना फ्रॉक टपालानं पाठव, मी त्यावरून चार शिवून पाठवते. होवीताला सांग, तिचं बोलणं मला आवडलं. ह्या घरात असती तर आमचं जमलं असतं.

ईस्टरला मी पापांना अकरालाच दुकानात नेऊन बसवलं. तू बाराला दहा मिनिटं असताना फोन केलास, म्हणजे जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी काहीतरी केलंस. सेन्योर बार्राहासनी पापांना काउंटरच्या आत घेतलं आणि मला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा, इथे जागा नाही." मी हसले. ती तर माझी सवयीची जागा.

काचेतून बघत होते. पापा फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते. बोलणं फार झालं नाही. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "झालं बोलणं?" म्हणाले, "झालं." मला इतकं वाईट वाटलं की बस. म्हाताऱ्या माणसाला असं फोनवर कळावं! दोन दिवस त्यांच्या आवडीचं मोले केलं. खुर्चीचा विषय मी काढला नाही, तेही काढत नाहीत. पण काल म्हणाले, "तीन जूनला लवकर निघायला हवं. जरा बरे कपडे घाल." बरे कपडे घाल! नऊ वर्षांत माझ्या कपड्यांकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. मी काही बोलले नाही. त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणू दे.

तू सांगितलंस. तुला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. उपकार झाले.

तुझी
एल्विरा

*

पिल्सन, शिकागो
२७ एप्रिल १९८६

लाडक्या ताईस,

सोबत फ्रॉक पाठवतोय. डाग आंब्याचा आहे, निघत नाही, होवीताचे सगळे उपाय करून झाले. यादिरा विचारते, फ्रॉक आत्याकडे जाणार तर मी पण का नाही?

हो, बोललो पापांशी. आवाज अजून दुकानातलाच आहे, "बोला, काय देऊ?" असा. सगळं नीट होईल. तू त्यांना फार विचारत बसू नकोस, त्यांना वेळ दे.

इथे आता बर्फ वितळलाय आणि खालून मागच्या नोव्हेंबरपासूनचा कचरा वर आलाय. कारखान्यातला एक बेल्जियमचा माणूस म्हणतो, तुम्हाला आम्ही पहिल्याच सामन्यात खाऊ. मी म्हटलं, माझी बहीण तिथे बसणार आहे, जरा जपून.

तुझा
इलारिओ

*

पोर्तालेस
४ जून १९८६

इलारिओ,

काल मी आत गेले. सगळं सांगते, कारण तुला ते ऐकायलाच हवं.

मी निळा ड्रेस शिवला होता. सकाळी आठला निघालो. फाटकापाशी इतकी गर्दी की पोलिसांनी कुणाला थांबूच दिलं नाही, त्यामुळे फाउस्तिनो आधीच आत ढकलले गेले होते. पापांना नेणार कोण? दारवान म्हणाला, "बाई, तुमच्याकडे पास किती?" पापांनी खिशातून दोन्ही पास काढले. एवढंच. चल आत वगैरे काही म्हणाले नाहीत. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही चढायला लागलो. चोलेबाईनं मागून शिट्टी मारली. मला इतका आनंद झाला होता की पाय जमिनीला लागत नव्हते.

खुर्च्या मिळाल्या. पापा बसले, टोपी काढली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मी उभी. मला वाटलं, मी बसेपर्यंत ठेवलीय. हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. तू आता जा बाहेर. इलारिओ येईल."

मी म्हटलं, "कोण येईल?"

"इलारिओ. थेट खुर्चीवर येतो म्हणाला."

"कधी म्हणाला?"

"ईस्टरला. फोनवर. 'हो पापा, जागा ठेवा, मी थेट खुर्चीवर येतो.' म्हणून तर तुला सांगितलं, बरे कपडे घाल. नऊ वर्षांनी भाऊ भेटणार तुला."

फाउस्तिनो बिया चघळत आमच्याकडे बघत होते. पापांना म्हणाले, "मकारिओ, तुला फाटकापर्यंत सोडायला येतात त्या ह्या बाई तुझ्या कोण?"

"मुलगी."

"तुला मुलगी आहे?"

"आहे की. रोज तीच तर आणते मला. बाहेर थांबते." हे पापा अगदी सहज म्हणाले. माझा बाप वाईट माणूस नाही, इलारिओ. त्याला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं.

बाहेर जाणं शक्य नव्हतं, जिने माणसांनी भरलेले. मी पायरीवर बसले. सामना सुरू झाला. पहिला गोल आपला झाला तेव्हा एक लाख माणसं उठली आणि मला पाठी दिसल्या. दुसरा गोल आपला झाला तेव्हाही पाठी. पापा दर दोन मिनिटांनी मान वळवून जिन्याकडे बघत होते. त्यांना तिथे काय दिसणार? येणारा जाणारा प्रत्येक माणूस तू असशील म्हणून ते टोपी उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. मग मध्यंतराच्या जरा आधी बेल्जियमनं एक मारला, फाउस्तिनोंनी तू लिहिली होतीस ती शिवी दिली, आणि मध्यंतर झालं.

मी उठले. टोपी उचलली, पापांच्या डोक्यावर ठेवली आणि बसले.

"ऊठ," म्हणाले. "तो येईल."

"तो येणार नाही. त्याला बायको आहे, मुलगी आहे, कागद नाहीत. मला मार्चमध्येच लिहिलंय त्यानं. तुम्हाला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही."

मला वाटलं, भडकतील. चारचौघांत हात उगारतील. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? कागद नसलेली माणसं परत येत नाहीत. आपल्या गल्लीतले किती गेले, कोण आलं?"

"मग खुर्ची कुणासाठी ठेवता?"

"तुला दिली असती तर तो गेला असं झालं असतं."

मी म्हटलं, "आणि मी? मी कुठे होते नऊ वर्षं?" उत्तरार्ध सुरू झाला. मी पूर्ण उत्तरार्ध तुझ्या खुर्चीत बसून पाहिला. एकही गोल झाला नाही. जिंकलो आपण, दोन-एक.

मी चिडलेय की रडतेय ते मला कळत नाही. पापा कळून न कळल्यासारखं करतात, कारण तू नाही म्हणत नाहीस तोवर त्यांना तसं करता येतं. तुमच्या दोघांचं छान चाललंय. तू हो म्हणायचं, त्यांनी टोपी ठेवायची, आणि पिंपावर मी. वर तू मला लिहितोस, बोललो, सगळं नीट होईल! तू मला खोटं लिहिलंस. गोड बोलणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.

आता एकच कर. त्यांना पत्र लिही. मला नको, त्यांना. त्यात नाही हा शब्द घाल. मी वाचीन. त्रास व्हायचा तो होऊ दे.

एल्विरा

*

पिल्सन, शिकागो
१५ जून १९८६

ताई,

फोनवर बोलायचं ते सगळं मी कागदावर लिहून घेतलं होतं. होवीता शेजारी उभी होती. पापा म्हणाले, "पोरा, तूच ना? आवाज नीट येत नाही, मोठ्यानं बोल." मोठ्यानं नाही म्हणता येईना. हो म्हणून बसलो. होवीतानं कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मग तुझं ते उपकार झाले म्हणणारं पत्र आलं. ते मी कारखान्यातल्या कपाटात ठेवलंय, घरी आणायची हिंमत झाली नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तीही तोंडदेखली वाटेल. सोबतचं पत्र त्यांना वाचून दाखव.

इलारिओ

प्रिय पापा,

हे पत्र ताई वाचते आहे. ह्यातला एकही शब्द तिचा नाही. विश्वास नसेल तर सेन्योर बार्राहासकडून वाचून घ्या.

मी येणार नाही. ह्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही, आणि पुढे कधी येईन असंही आता म्हणत नाही. इथे माझी बायको होवीता आहे, मुलगी यादिरा आहे. त्यांना सोडून आलो तर परत जाता येणार नाही. जागा ठेवा असं मी दरवेळी लिहिलं, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आणि थोडं मलाही बरं वाटावं म्हणून. तुमच्या शेजारी माझी खुर्ची आहे म्हटलं की मी अजून तिकडचा आहे असं वाटायचं.

ठेवू नका. ती खुर्ची ताईची आहे.

तुमचा मुलगा
इलारिओ

*

पोर्तालेस
३० जून १९८६

प्रिय इलारिओ,

पत्र गुरुवारी आलं. मी वाचून दाखवलं. पापा म्हणाले, "तू मनचं वाचतेस." तू लिहिलं होतंस तसंच झालं. मी त्यांना औषधाच्या दुकानात नेलं. सेन्योर बार्राहासनी चष्मा लावून पत्र पहिल्या अक्षरापासून वाचलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, ती बिचारी औषध न घेता उभी राहिली. वाचून झाल्यावर पापांनी विचारलं, "मुलीचं नाव काय म्हणालात?" पुन्हा सांगितलं. यादिरा. दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "चल घरी."

शुक्रवारी जेवले नाहीत. शनिवारी दाढी केली नाही. काल रविवार, अंतिम सामना, आपला संघ आधीच बाहेर. मी झेंड्यांच्या ढिगात बसले होते. आता काय जाणार, म्हणून विषयही काढला नाही. साडेनवाला बघते तर दारात उभे. टोपी घातलेली, दोन्ही पास हातात. एक माझ्यापुढे धरला. म्हणाले काही नाहीत.

चढताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की आज तिथे काळंनिळं झालंय. टोपी डोक्यावरच ठेवली. मी बसले. फाउस्तिनोंनी मला बिया दिल्या. त्यांना विशेष काही वाटलं नाही, जणू मी वीस वर्षं तिथेच बसत होते.

मी पापांना सामना सांगायला लागले. निळे-पांढरे इकडून तिकडे जातायत, हिरवे शर्टवाले चेंडू अडवतायत, असं जमेल तसं. आता जर्मनांचा शर्ट हिरवा, मैदान हिरवं, म्हणजे त्यांना सगळं एकच दिसत असणार. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. पहिला गोल झाला तेव्हा सगळे उठले आणि मी पाहिलं, पापा रडतायत. आवाज न करता, खाली बघून, नाक पुशीत. एक संपूर्ण सामना ते तुझ्यासाठी रडले, इलारिओ. पुढच्या रांगेतल्या एकानं वळून पाहिलं आणि मला म्हणाला, "आजोबा जर्मनीकडून आहेत वाटतं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. खुर्ची मिळाली की कसं वाटेल ते मी पिंपावर बसून खूपदा ठरवलं होतं. असं असेल ते ठरवलं नव्हतं.

शेवटच्या काही मिनिटांत सगळं स्टेडियम उभं होतं, कुणी खाली बसायला तयार नाही. पापांनी डोळे पुसले, माझ्याकडे वळले आणि विचारलं, "तुला दिसतंय ना नीट?"

मी म्हटलं, "हो पापा, छान दिसतंय." समोर एका माणसाची पाठ होती, मला काहीसुद्धा दिसत नव्हतं.

तुझी
एल्विरा